तळहातावरचा आकडा

आमच्या धंद्यात शून्यं कोणी उच्चारत नाही. अठ्ठावन्न म्हणजे अठ्ठावन्न. पुढे काय असतं ते घेणाऱ्याला ठाऊक, विकणाऱ्याला ठाऊक, आणि मध्ये बसणाऱ्या आम्हाला तर झोपेतही ठाऊक.

मी लोकांची घरं विकून देते. माझी धाकटी जाऊ लोकांना घरं घेऊन देते. ऑफिस एकच. दोन टेबलं, चार खुर्च्या, काचेला आतून चिकटवलेले घरांचे फोटो. माझ्या फायली लाल, तिच्या हिरव्या. रस्त्यावरचे लोक आम्हाला 'जावाजावांचं दुकान' म्हणतात, आणि नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तुम्ही दोघी एका घरच्या. एक इकडून ओढणार, एक तिकडून. मधल्या मध्ये आम्हीच कापले जाणार ना?" मग आम्ही एक कागद पुढे सरकवतो. त्यावर लिहिलेलं असतं की समोरच्या टेबलावरची बाई माझी जाऊ आहे, आम्ही एका घरात राहतो, आणि तुमची गोष्ट तिच्यापर्यंत जाणार नाही. सही करायची असेल तर करा, नाहीतर चौकात आणखी तीन एजंट आहेत.

विकणाऱ्याचा एजंट म्हणजे काय, हे शेवटपर्यंत लोकांच्या डोक्यात शिरत नाही. मी दार उघडते, दिवे लावते, गोड बोलते, म्हणून घर बघायला आलेली माणसं मला त्यांचीच समजतात. कानाशी येऊन सांगतात, "आम्ही अजून दोन चढू शकतो, पण बोलू नका हं." मी तिथल्या तिथे थांबवते. म्हणते, "मी घरमालकाची आहे. तुम्ही आत्ता जे बोललात ते मला त्यांना सांगावं लागणार. असलं काही सांगायचं असेल तर तुमचा माणूस वेगळा ठेवा." माझा स्वभाव मुळात तोंडाळ, राग नाकाच्या शेंड्यावर, पण या एका बाबतीत अकरा वर्षांत माझ्याकडे कोणी बोट दाखवलेलं नव्हतं.

घरी आमचा एकच नियम. उंबरठ्याच्या आत फाइल येत नाही. फाइल नाही, वही नाही, चिठ्ठीसुद्धा नाही. राहतो एकाच घरात, आम्ही खाली, दीर-जाऊ वर, आणि स्वयंपाकघर सामाईक. स्वयंपाकघराला लागून बाल्कनी आहे. तिचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून कोरफडीची जड कुंडी त्याला टेकवून ठेवलेली, ती अकरा वर्षं हललेली नव्हती. आल्यागेल्याला मी ऐटीत सांगायची, आमच्या घरात दारं लागत नाहीत.

या वर्षी माझ्याकडे घड्याळकाकांचं घर आलं. बहात्तर वर्षांचे. पन्नास वर्षं घराच्या पुढच्या खोलीत बसून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. आता एका डोळ्यात पडदा आलाय, दुसरा त्याच वाटेवर आहे. भिंतीवरची घड्याळं त्यांनी उतरवून ठेवली होती, पण रंग उडालेल्या भिंतीवर त्यांच्या जागा गोल गोल, ताज्या रंगाच्या तशाच होत्या. मी म्हटलं, "काका, रंग मारून घेऊ, किंमत वाढेल." ते म्हणाले, "घड्याळं गेली. जागा तरी राहू दे की."

त्यांच्या मुलीच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या विकायला होत्या. जिने चढायचे नाहीत, मुलगी समोरच्या दारात. त्या खोल्यांचा मालक पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत थांबायला तयार होता, त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक रांगेत होतं. या घराचे छप्पन्न हातात पडले की काकांचं गणित बसत होतं. घरात तिसरं कोणी नसताना त्यांनी हा आकडा माझ्या कानात सांगितला. मी म्हटलं, "अठ्ठावन्न मागू. छप्पन्नच्या खाली सोडायचं नाही, आणि हे छप्पन्न माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही."

"पडलं तर?" ते म्हणाले.

"तर माझ्या तोंडाला कुलूप लावा."

"कुलपं नाही जमत, बाई. घड्याळ बंद पडलं तर सांगा," असं म्हणून ते आपल्याच विनोदावर हसले.

चौथ्या दिवशी धाकटी एका नर्सबाईला घेऊन घर बघायला आली. तिशीची, ड्यूटीवरून थेट आलेली, सोबत चाकांच्या खुर्चीत तिची आई. या घराची एक खुबी आहे. फार पूर्वी काकांनी पुढची पायरी फोडून तिथे उतार केला होता, कारण माणसाच्या उंचीची घड्याळं हातगाडीवरून आत आणावी लागत. आईने खुर्चीची चाकं स्वतःच्या हातांनी फिरवली आणि थेट खोलीच्या मध्यात जाऊन थांबली. कोणी ढकललं नाही, कोणी उचललं नाही. मागे वळून ती लेकीला म्हणाली, "बघ, आले!" नर्सबाईचे डोळे भरून आले आणि धाकटीने तिचं कोपर दाबलं. मला कळलं का दाबलं ते. घर बघताना कौतुक करायचं नसतं, ते बाहेर पडल्यावर करायचं, हे ती प्रत्येक घेणाऱ्याला पढवून आणते. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. त्यांचा पहिला आकडा आला चोपन्न.

हा शनिवार. रविवारी सकाळी मी काकडी चिरत होते, धाकटी कणीक मळायच्या तयारीत होती. तिचा फोन वाजला. नाव बघून ती बाल्कनीत गेली. दार उघडंच, पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते आणि मी ऐकतही नव्हते, हे शपथेवर सांगते. पाच मिनिटांनी ती आत आली, खिडकीत पेन ठेवलं आणि डावा हात पुढे करून म्हणाली, "ताई, मीठ द्या."

मी मीठ द्यायला वळले आणि तळहात दिसला. निळ्या शाईत लिहिलं होतं: 'साठ. आईचे धरून. शेवटचं.'

दोष कोणाला द्यायचा? कागद घरात आणायचा नाही हा नियम माझाच. गिऱ्हाइकाने आकडा सांगितला की तो तिथल्या तिथे लिहायचा, मनावर विसंबायचं नाही, हेही तिला शिकवलं मीच. बिचारीने दोन्ही नियम पाळले. मी त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, "अगं, आधी हात धू, मी वाचलंय." एवढं एक वाक्य. मी मीठ दिलं. तिने हात नळाखाली धरला, शाई गेली आणि ती मळायला बसली. मी मूग गिळून काकडी चिरत राहिले.

मी मनाशी ठरवलं होतं की आपण काही पाहिलंच नाही. कोणाला सांगणार नाही, काकांनाही नाही, म्हणजे झालं. आपण म्हणजे अगदी सत्याच्या पुतळ्या, अशी माझी समजूत.

सोमवारी ऑफिसात बोलणी सुरू झाली. आमची दोघींची पद्धत ठरलेली आहे. ती एक पाऊल चढते, मी अर्धं उतरते, चहा होतो, ती गिऱ्हाइकाला फोन करते, मी माझ्या. संध्याकाळपर्यंत दोघी कुठेतरी मध्ये भेटतो. तिने पंचावन्न म्हटलं. मी म्हटलं अठ्ठावन्न. ती फोन करून आली, म्हणाली छप्पन्न. मी म्हटलं अठ्ठावन्न.

छप्पन्न! काकांचं गणित माझ्या टेबलावर येऊन बसलं होतं. दुसऱ्या कुठल्याही सोमवारी मी उठून काकांना फोन केला असता आणि म्हटलं असतं, "पेढा नका देऊ, पण पाणी तरी पाजा, तुमचं काम झालं." तो दिवस वेगळा होता. साठ म्हणजे अजून चार वर शिल्लक आहेत, हे मला दिसत होतं. दिसलेलं न दिसल्यासारखं कसं करायचं ते मला येत नाही.

आलेला आकडा मालकाला कळवावाच लागतो, तो मी कळवला. वर म्हटलं, "काका, घाई नको. ते अजून चढतील."

"कशावरून?"

"अनुभव," मी म्हटलं.

"मला छप्पन्न पुरे आहेत," ते म्हणाले. "पण तुमचा अनुभव पन्नास घरांचा, माझा एकाच घराचा. तुम्ही म्हणता तर थांबतो." माझ्या शब्दावर त्यांनी हातातलं सोडलं. पळत्याच्या पाठी लागायला मी त्यांना सांगितलं होतं आणि ते लागले.

मंगळवारीही मी अठ्ठावन्नवरच. बुधवारी सकाळी धाकटी तिच्या टेबलावरून उठून माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "ताई, अकरा वर्षांत तुम्ही तीन दिवस एका आकड्यावर कधी बसल्या नाहीत. अर्धं पाऊलसुद्धा नाही?"

"मालकाची इच्छा," मी म्हटलं.

"मालक दोन दिवसांपूर्वी रस्त्यात भेटले. मला बघून एवढे हसले की जणू घर विकलंच गेलंय. हे मालकाचं नाही. तुमचं आहे." ती बोलता बोलता थांबली. मग तिने डावा हात उघडून बघितला. हात स्वच्छ होता. तिने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि नंतर माझ्याकडे.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या तर तोंडावरच पडलं होतं. मी काहीतरी बोलायला गेले, "मी कोणालाही सांगितलेलं नाही गं, देवाशपथ, काकांनाही..."

"सांगितलं नाही," ती म्हणाली. "वापरलंत."

आवाज चढवून बोलली असती तर मी दुप्पट चढवून उत्तर दिलं असतं. तेवढी तयारी माझी नेहमीच असते. पण ती हळूच बोलली आणि मला खरोखरच लाज वाटली. मी तोंड बंद ठेवलं होतं आणि आकडा वापरला होता, आणि ज्याच्यासाठी वापरला म्हणत होते त्यालाही अंधारात ठेवलं होतं.

तिने वेळ घालवला नाही. तिथेच बसून नर्सबाईला फोन लावला. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमचा शेवटचा आकडा समोरच्या बाजूला कळलेला आहे. माझ्या हातावरून." मी समोरच होते, तरी ती एकदाही माझ्याकडे वळली नाही आणि माझं नावही तिने घेतलं नाही. नर्सबाई काय बोलली ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून धाकटी म्हणाली, "छप्पन्न मागे घेतलेत त्यांनी. आता काही आकडा नाही." मग तिने आपली हिरवी फाइल मिटली, पर्स उचलली आणि पायी घरी गेली. रोज आम्ही एकाच रिक्षाने जातो.

गुरुवारी मी काकांकडे गेले. त्यांनी सामान बांधायला घेतलं होतं. खोक्यांवर मुलीच्या इमारतीचा पत्ता लिहिलेला, अक्षर मोठं मोठं, डोळ्यांमुळे. मी खुर्चीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मीठ, तळहात, सोमवारचे छप्पन्न, सगळं. आकडा तेवढा सांगितला नाही. तो माझा नव्हताच.

काका खोकं बांधायचे थांबले. "म्हणजे सोमवारी माझं काम झालेलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात अनुभव."

"हो."

"बाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला माझा माणूस म्हणून ठेवलं. त्या मुलीची गोष्ट मला सांगितली असती तर तुम्ही माझ्याशी इमानी, तिच्याशी नाही. नसती सांगितली आणि छप्पन्न घेतले असते तर दोघांशी इमानी. तुम्ही हे कुठलं तिसरंच काढलंत?"

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि तेही दुसऱ्याचं. मी म्हटलं, "चौकातल्या दुसऱ्या एजंटकडे फाइल देते. आजच्या आज."

"उद्या बारापर्यंत दुसरा एजंट काय माझं नाव शिकणार?" त्यांनी दोरी खाली ठेवली. "तुमच्या जाऊबाईंना सांगा, त्या मुलीला उद्या नऊ वाजता घेऊन या म्हणावं. आईलाही. आणि तुम्ही दोघी बाहेर थांबा."

धाकटीने निरोप पोचवला, मला मात्र फक्त "हं" म्हणाली. शुक्रवारी नऊला पाच मिनिटं कमी असताना खुर्ची उतारावरून आत गेली. नर्सबाई माझ्याजवळून गेली तेव्हा तिने दुसरीकडे बघितलं. काकांनी दार आतून लावलं.

समोर एक बंद दुकान होतं, त्याच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो. शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलींसारख्या. मी सारखं घड्याळ बघत होते. साडेनऊ झाले. पावणेदहा. त्या खोल्यांच्या मालकाचा फोन मला दोनदा येऊन गेला होता, "बारा म्हणजे बारा हं." दहा वाजता माझ्याने राहवलं नाही. "काय बोलत असतील गं एवढं?" मी विचारलं.

"आपण दोघी कशा नालायक आहोत, हे," धाकटी म्हणाली.

"तू नाहीस. मी."

"मीही आहे. पेन होतं तर टिश्यू पेपर नव्हता का कपाटात?" बुधवारपासून तिने माझ्याशी बोललेलं हे सगळ्यात मोठं वाक्य. मला हसू आलं आणि लगेच रडू. तिने पर्समधून टिश्यू पेपर काढून दिला. "आता आहे बघा," म्हणाली.

सव्वादहाला दार उघडलं. आधी आईची खुर्ची बाहेर आली, मागून नर्सबाई, शेवटी काका, हात भिंतीला लावत. नर्सबाई धाकटीला म्हणाली, "छप्पन्नला ठरलं. कागद आजच करू, मी रजा घेतलीये."

छप्पन्न. सोमवारी दुपारी माझ्या टेबलावर होते तेच. नंतर कळलं की आत गेल्या गेल्या काकांनी सरळ सांगून टाकलं होतं, मला छप्पन्न लागतात आणि का लागतात. बाकीचा तासभर ते आईला भिंतीवरच्या गोल जागांपाशी कुठलं घड्याळ होतं ते दाखवत होते. आई म्हणाली, रंग आम्हीही मारणार नाही.

अकरा वाजता काकांचा होकार तळमजल्याच्या मालकाला पोचला. साडेअकराला आमच्या ऑफिसात सह्या झाल्या, एक लाल फाइल, एक हिरवी. जाताना काका माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं, आता सगळं संपलंय, आकडा विचारतील. त्यांनी विचारला नाही.

"तुमची दलाली ठरल्याप्रमाणे मिळेल," ते म्हणाले. "काम केलंत, घर दाखवलंत, नाही म्हणणार नाही. फक्त परत कुणाला अनुभव म्हणू नका."

मी मान हलवली. नर्सबाई तोपर्यंत खुर्ची ढकलत रस्त्याला लागली होती. तिने माझा निरोप घेतला नाही, आणि का घ्यावा?

रविवारी सकाळी मी पुन्हा काकडी चिरत होते. धाकटी भांडी लावत होती. गेले दोन दिवस आम्ही बोलत होतो, मुलांचं, गॅस संपल्याचं, दिराच्या गुडघ्याचं. तिचा फोन वाजला. नवीन गिऱ्हाईक असावं, कारण नाव बघून ती बाल्कनीकडे वळली आणि दारात थबकली. कुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बाहेर गेली. आवाज मुद्दाम बारीक करून बोलायला लागली, अगदी कोपऱ्यात, कठड्याला टेकून, माझ्याकडे पाठ करून. स्वतःच्या घरात.

मला फार वाईट वाटलं. मी विळी बाजूला ठेवली, हात पुसले आणि उठले. कोरफडीची कुंडी चांगलीच जड होती आणि खाली फरशीवर तिचा काळा गोल उमटलेला होता. मी ती दोन्ही हातांनी उचलून सिंकखाली ठेवली आणि बाल्कनीचं दार अलगद लावून घेतलं, कडी न घालता.